‘मला येत नाही’ म्हटलंत, पण नेमकं काय येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून स्टॅटिस्टिक्स पहिल्यापासून शिकायला घेतलंय, सगळे सांगतात की आधी आपलं अज्ञान मान्य करा म्हणजे शिकणं सुरू होतं, मी तर रोज मान्य करतोय की मला काही येत नाही, पण शिकणं सुरू व्हायचं सोडून कॉन्फिडन्सच चाललाय, आणि चारचौघांत विचारायची लाज वाटते ती वेगळीच. मग हा सल्ला खरा आहे की नुसता बोलायला बरा?

सल्ला खरा आहे, फक्त तो अर्धाच सांगितला जातो. मी बरीच वर्षं गणित शिकवतेय, आधी शाळकरी मुलांना आणि आता जास्त करून मोठ्या माणसांना आणि शिक्षक व्हायला निघालेल्यांना, आणि "मला काहीच येत नाही" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मनात पहिलं हेच येतं की या माणसाने अजून काही कबूल केलेलंच नाहीये. राग मानू नका. पण "काहीच येत नाही" म्हणणं तसं सोयीचं असतं, त्यात कशावर बोट ठेवावं लागत नाही, कुठलं पान उघडावं लागत नाही, आणि ऐकणाराही "होईल हो, सराव करा" म्हणून मोकळा होतो. शिकणं सुरू होतं ते "इथपर्यंत मला कळतं आणि हे पुढचं कळत नाही" असं म्हणता आलं की.

वर्गातलं नेहमीचं संभाषण सांगते, विषय स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप; माणसं बदलतात पण बोलणं साधारण हेच असतं.

"मॅडम, स्टँडर्ड डेव्हिएशन डोक्यावरून गेलं."

"सगळंच? सरासरी काढता येते ना?"

"हो, ती येते."

"मग ४, ६ आणि ११ ची काढा."

"सात."

"आता प्रत्येक आकडा सातपासून किती लांब आहे?"

"उणे तीन, उणे एक, अधिक चार."

"पुढे काय करायचं?"

"त्यांचे वर्ग."

"का?"

इथे सगळं थांबतं. मग हळू आवाजात, "फॉर्म्युल्यात आहे म्हणून."

झालं, जागा सापडली! दोन मिनिटांपूर्वी जे सगळंच डोक्यावरून गेलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या माणसाला येत होतं, अडलं होतं ते एका "का" पाशी. मग मी म्हणते वर्ग करू नका, नुसती बेरीज करा. उणे तीन, उणे एक, अधिक चार, बेरीज शून्य. दुसरे कुठलेही आकडे घ्या, शून्यच येणार, कारण सरासरी असतेच अशी की वर जेवढं जातं तेवढंच खाली जातं, म्हणजे आकडे किती पसरलेत हे मोजायला निघालो आणि हातात काहीच उरलं नाही. वर्ग केले की चिन्हं जातात आणि ९, १ आणि १६ उरतात, त्यांची सरासरी म्हणजे व्हेरियन्स आणि तिचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. आणि मला सगळ्यात आवडतं ते याच्या पुढचं, कारण नेमकं इथेच कुणीतरी विचारतं की मग नुसतं उणे चिन्ह पुसून टाकलं तर, तीन, एक आणि चार, तेही चालेल की! चालतंच, त्याला मीन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन म्हणतात आणि ते वापरतातही. वर्गाला जास्त मान आहे त्याचं एक मोठं कारण असं की एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन गोष्टींची बेरीज केली तर त्यांचे व्हेरियन्स सरळ बेरजेत येतात, चिन्ह पुसून काढलेल्या अंतरांना ते जमत नाही. आता बघा, पाच मिनिटांपूर्वी "डोक्यावरून गेलं" म्हणणारा माणूस असा प्रश्न विचारतोय जो विषयाच्या पार आत जातो. त्याची हुशारी पाच मिनिटांत वाढलेली नाही, त्याला फक्त आपलं न येणं नेमकं सापडलंय.

मग प्रश्न येतो की ही जागा आपली आपल्याला का सापडत नाही. कारण न येणारी गोष्ट आतून अगदी येणाऱ्या गोष्टीसारखीच वाटते. येल युनिव्हर्सिटीतल्या रोझेनब्लिट आणि कील या दोघांनी २००२ मध्ये यावर एक फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना विचारलं की चेन, कुलूप, शिवणयंत्र असल्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, एक ते सातपैकी मार्क द्या. लोकांनी बरे मार्क दिले. मग सांगितलं, आता पायरीपायरीने लिहून दाखवा, आणि लिहून झाल्यावर परत स्वतःला मार्क द्या. मार्क खाली आले. तुम्हीही करून बघा, बॅगेची चेन रोज लावता ना, रनर वर ओढला की दात एकमेकांत अडकतात हे झालं, पण अडकतात कसे, आणि तोच रनर खाली ओढला की सुटतात कसे? (प्रत्येक दाताच्या एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खळगा असतो, रनरच्या आत वाय आकाराची वाट असते, ती दोन्ही रांगांना तिरकं वळवून जवळ आणते म्हणून उंचवटा समोरच्या खळग्यात बसतो, आणि उलट जाताना त्या वाटेच्या मधली पाचर रांगा फाकवते.) याच अभ्यासात दिसलं की सिनेमात काय घडतं हे सांगताना लोकांचा असा गैरसमज फारसा होत नाही. तो होतो तो "कसं" आणि "का" च्या बाबतीत, आणि गणित तर सगळं त्याचंच बनलेलं आहे.

पुस्तक परत परत वाचल्याने हा भ्रम कमी होत नाही, वाढतो. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, एका गटाने तो चार वेळा वाचला, दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर चार वेळा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं. म्हणून मोठी माणसं मला जेव्हा सांगतात की मॅडम, व्हिडिओ बघताना सगळं कळतं पण स्वतः सोडवायला बसलो की काही येत नाही, तेव्हा मी त्यांना सांगते की व्हिडिओ बघताना "कळलं" असं वाटतं त्याला फार किंमत देऊ नका, सोडवताना जिथे अडलात तिथलीच माहिती खरी.

आता ही जागा शोधायची कशी. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातो तेव्हा ते म्हणतात, तुला काय काय येतं ते आधी सांग, त्याच्या पुढचं मी सांगेन. मग नारद यादी सांगतो, चारही वेद, इतिहास-पुराणं, व्याकरण, गणित, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, चांगली लांबलचक यादी आहे, आणि शेवटी म्हणतो की मला मंत्र येतात पण आत्मा कळलेला नाही. मला ही पद्धत शिकवण्याच्या दृष्टीने अचूक वाटते, कारण आधी येणाऱ्या गोष्टींची पूर्ण यादी झाली म्हणून न येणारी एक गोष्ट शेवटी नेमकी सांगता आली. तुम्ही तेच करा. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, आणि त्या दिवशी शिकलेलं असं लिहा की जणू शेजारी बसलेल्या, विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला समजावताय. जिथे पेन थांबतं तिथे पुस्तक लगेच उघडू नका, आधी तिथे प्रश्न लिहा, पूर्ण वाक्यात. "स्टँडर्ड डेव्हिएशन?" हा प्रश्न झाला नाही, "अंतरांचे वर्ग का करतात, नुसती अंतरं का चालत नाहीत" हा प्रश्न झाला. खूपदा असं होतं की नीट वाक्य लिहिता लिहिताच उत्तर सुचतं.

आणि एक, अडलेली जागा जिथे दिसते तिथेच असेल असं नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत ती बरेचदा दोन-तीन इयत्ता मागे असते, प्रोबॅबिलिटीत अडलेला माणूस खरा अपूर्णांकांत अडलेला असतो आणि ते मान्य करणं त्याला सगळ्यात जड जातं, कारण "ते तर पाचवी-सहावीचं". म्हणून मी मोठ्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण घालते. उत्तर साडेतीन, उलटं करून गुणायचं हे बहुतेकांच्या लक्षात असतं. मग म्हणते, आता याची एक गोष्ट सांगा, असा प्रसंग सांगा जिथे हा भागाकार करावा लागेल. लगेच कुणीतरी म्हणतं पावणेदोन मीटर दोरी आहे आणि ती दोघांत अर्धी अर्धी वाटायची आहे. पण तो दोनने भागाकार झाला, प्रत्येकाला एक मीटरसुद्धा येणार नाही आणि आपलं उत्तर तर साडेतीन आहे. बरोबर गोष्ट अशी की पावणेदोन मीटर दोरीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे किती तुकडे होतील. एका मीटरमधून दोन निघतात, मग पावणेदोन मीटरमधून पावणेदोनच्या दुप्पट, म्हणून "उलटं करून गुणा". तसंच एकात दोन-तृतीयांश दीड वेळा बसतं, म्हणून दोन-तृतीयांशाने भागायचं म्हणजे दीडने, म्हणजे तीन-द्वितीयांशाने गुणायचं. नियम पाठ असणं आणि नियम कळलेला असणं यांच्यात केवढं अंतर आहे ते या एका उदाहरणात दिसतं.

हे तुमचं-आमचंच होतं असं समजू नका. लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच उदाहरण प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना दिलं होतं. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी ९ जणांचंच उत्तर पूर्ण बरोबर आलं आणि अर्थाला धरून गोष्ट फक्त एकाला सांगता आली, बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागायच्या ऐवजी दोनने भागायचीच गोष्ट सांगितली. चीनमधल्या ७२ शिक्षकांचं उत्तर सगळ्यांचं बरोबर होतं आणि बहुतेकांना गोष्टही जमली. शिकवणारी माणसं इथे अडतात, तर तुम्ही पुन्हा अपूर्णांकांपाशी गेलात यात कमीपणा कसला? उलट तिथे घालवलेला एक आठवडा पुढचे कितीतरी महिने वाचवतो.

आता कॉन्फिडन्सचं. तो जातोय याचं कारण तुम्ही अज्ञान कबूल करताय हे नाही, तुम्ही ते सरसकट कबूल करताय हे आहे. "मला येत नाही" हे स्वतःबद्दलचं मत झालं, ते खोडायला काही जागाच राहत नाही आणि रोज म्हटलं की ते घट्ट होत जातं. "वर्ग का करतात ते माहीत नाही" हे एका गोष्टीबद्दलचं वाक्य आहे, ते उद्या खोडता येतं आणि खोडलं की खरंच हलकं वाटतं, माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या चेहऱ्यावर मी ते बघितलंय. म्हणून ते प्रश्नांचे कागद फेकू नका, वही करा, उत्तर मिळालं की प्रश्नापुढे आपल्या शब्दांत उत्तर लिहा. आणि उत्तर बघायच्या आधी अंदाज लिहायची सवय लावा, चुकला तरी चालेल. कॉर्नेल, हेज आणि ब्योर्क यांनी २००९ मध्ये दाखवलं, अंदाज चुकीचा निघाला आणि त्यानंतर लगेच बरोबर उत्तर दाखवलं, तरी ते उत्तर नुसतं वाचलेल्या उत्तरापेक्षा जास्त लक्षात राहतं. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या कामात तर असं दिसलं की माणूस ज्या चुकीच्या उत्तराबद्दल एकदम ठाम असतो तीच चूक दाखवून दिल्यावर जास्त पक्की सुधारते. म्हणजे वहीत ठामपणे लिहिलेला चुकीचा अंदाज ही काही लपवायची गोष्ट नाही.

लाजेचं म्हणाल तर ती खरी असते, "लाजू नका" असं सांगून जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि व्यवहारात ते कधीकधी खरंही असेल, पण शिकताना झाकलेल्या मुठीत काय आहे ते शिकवणाऱ्याला दिसतच नाही, मग तो अंदाजाने शिकवत राहतो आणि तुम्ही अंदाजाने मान डोलावत राहता. माझा अनुभव असा की लाज कमी करण्यापेक्षा प्रश्नाचं रूप बदललेलं जास्त चालतं. "मला कळलं नाही, परत सांगा" म्हटलं की समोरचा तेच परत जरा मोठ्या आवाजात सांगतो. त्याऐवजी "सरासरीपासूनच्या अंतरापर्यंत मी तुमच्याबरोबर होतो, वर्ग का केला तिथे सुटलो" म्हणा. हे ऐकणाऱ्या कुणालाही हा माणूस ढ आहे असं वाटत नाही, लक्ष देऊन ऐकत होता असंच वाटतं, आणि खोलीतले अजून चार जण मनात म्हणतात बरं झालं विचारलं. तेही जमत नसेल तर तास संपल्यावर एकट्याने विचारा, किंवा लिहून द्या, त्यात काही कमी नाही.

प्रश्नोपनिषदात सुकेशा भारद्वाजाची छोटीशी हकिगत येते. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे येऊन विचारतो, सोळा कला म्हणजे सोळा अंश असलेला पुरुष तुला माहीत आहे का. सुकेशा म्हणतो मला माहीत नाही, माहीत असतं तर तुला का नसतं सांगितलं, जो खोटं बोलतो तो मुळासकट वाळून जातो. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून जातो. आणि सुकेशा? तो तोच प्रश्न घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातो आणि विचारतो, तो पुरुष कुठे आहे? उपनिषदातला सहावा म्हणजे शेवटचा प्रश्न हाच. मला यातलं हे फार महत्त्वाचं वाटतं की "माहीत नाही" म्हणून तो थांबला नाही, न आलेला प्रश्न शब्दाला शब्द जपून ठेवला आणि योग्य माणूस मिळाल्यावर पुढे ठेवला. त्याच उपनिषदाच्या सुरुवातीला पिप्पलाद सुकेशासह आलेल्या सहा जिज्ञासूंना सांगतात की वर्षभर इथे राहा, मग हवं ते विचारा, आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. "माहीत असेल तर" हे गुरू म्हणतोय! जे कोणी शिकवतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणा. शिकवणारा जर कधीच "हे मला बघावं लागेल" म्हणत नसेल तर मुलं त्याच्याकडून विषयाबरोबर हेही शिकतात की न येणं लपवायचं असतं, आणि मग आपण कितीही म्हटलं की बिनधास्त विचारा, कोणी विचारत नाही.

सगळीकडे सगळ्यांसमोर मूठ उघडा असं मात्र मी म्हणणार नाही. काही ऑफिसांत न येणारी गोष्ट बोलून दाखवली की ती अप्रेझलला पुढे येते, तिथे माणूस बघून बोला, टीममधला एखादा जाणता सहकारी गाठा. पण तुमच्या न येण्याचा परिणाम दुसऱ्या कुणाला भोगावा लागणार असेल, म्हणजे तुम्ही काढलेल्या आकड्यावर कुणी निर्णय घेणार असेल, तर तिथे गप्प बसायची मुभा नाही, "हा आकडा मी काढलाय पण या पायरीबद्दल मला खात्री नाही" एवढं सांगावंच लागतं. आणि उलट टोकालाही जाऊ नका, काही जण प्रत्येक वाक्याआधी "मला यातलं फारसं कळत नाही" असं लावतात, ती नम्रता वाटते पण त्यातून समोरच्याला काही कळत नाही आणि स्वतःचीही सुटका होत नाही.

तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकताय म्हणून एक जागा आधीच सांगून ठेवते, तिथे बहुतेक जण अडतात आणि फार थोडे बोलतात. सॅम्पलचा, म्हणजे पूर्ण गटातून उचललेल्या थोड्या आकड्यांचा व्हेरियन्स काढताना एन (म्हणजे आकडे जितके आहेत ती संख्या) ऐवजी एन वजा एकने भागतात, ते का? थोडंसं सांगते. वरच्या उदाहरणात उणे तीन आणि उणे एक ही दोन अंतरं कळली की तिसरं अधिक चारच असणार, कारण बेरीज शून्य यायलाच हवी, म्हणजे तीन अंतरं दिसत असली तरी मोकळी दोनच आहेत. शिवाय आपण अंतरं मोजतोय ती या तीन आकड्यांच्याच सरासरीपासून, पूर्ण गटाच्या खऱ्या सरासरीपासून नाही, आणि स्वतःची सरासरी आकड्यांना नेहमीच जास्त जवळची असते म्हणून वर्गांची बेरीज थोडी कमी भरते. या दोन गोष्टींवरून भागाकार लहान आकड्याने का करायचा हे कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहायचा प्रयत्न करा. कुठेतरी पेन थांबेल, बहुतेक "जास्त जवळची असते" हे कशावरून, इथेच थांबेल. ४, ६ आणि ११ साठी सातच्या जागी आठ घेऊन वर्गांची बेरीज करा, मग सहा घेऊन करा, आणि २६ शी ताडून बघा. तरीही अडलं तर जिथे अडलं तेवढंच एक वाक्य घेऊन तुमच्या शिकवणाऱ्यांकडे जा.